जुनी ॲडव्हेंचर बाईक घेतली, आता पहिला पाना कुठे लावायचा?

प्रश्न : सात वर्षं वापरलेली, ४१,००० किलोमीटर चाललेली दोन सिलिंडरची ॲडव्हेंचर बाईक नुकतीच घेतली आहे. वजन २१५ किलो, तारांची चाकं, पुढचं २१ इंची. क्रॅश गार्ड, तीन पेट्या आणि दोन जादा दिवे आधीच बसवलेले आहेत. आधीचे मालक म्हणाले, ‘सगळं करून दिलंय, पेट्रोल भरा आणि निघा.’ पण वेग कमी करताना ७०-८०च्या आसपास हँडल थरथरतं आणि चेनमधून करकर आवाज येतो. माझे पाय नीट टेकत नाहीत, म्हणून लोअरिंग लिंक (गाडीची मागची बाजू खाली बसवणारी पट्टी) टाकायचा विचार आहे. दोन महिन्यांनी दहा दिवसांच्या प्रवासाला निघायचंय, त्यातला निम्मा रस्ता कच्चा आहे. आधी कशावर खर्च करू? टायर, नवे दिवे की लिंक?

उत्तर : तिन्हींवर नको. पहिला खर्च तेलं, फिल्टर आणि ग्रीसवर करा आणि सुट्टीचे दोन-तीन दिवस गाडीपाशी बसायला काढून ठेवा. आधीच्या मालकांनी खोटं सांगितलं असेल असं नाही. पण मागच्या शॉकला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणाऱ्या लिंकेजमधलं ग्रीस सुकलंय का, हे त्यांनाही ठाऊक नसणार. ते खोलल्याशिवाय कळतच नाही. म्हणून सोपा नियम धरा : ज्या कामाचं बिल हातात आहे ते झालं, बाकीचं झालेलं नाही. तुमच्या नेमक्या मॉडेलचं आणि वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. चासी नंबरावरून कंपनीच्या डीलरकडे रिकॉलचं (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्याचं) काही काम बाकी आहे का, तेही विचारून घ्या. चावी एकच मिळाली असेल तर दुसरी आत्ताच करून घ्या. इमोबिलायझरच्या, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाडीची एकुलती एक चावी हरवली की मोठं लचांड होतं.

सुरुवात सगळं उतरवण्यापासून. पेट्या, सीट, बाजूची पॅनल्स आणि इंजिनाखालची बॅश प्लेट. या प्लेटमागे वर्षानुवर्षांचा चिखल भाजून बसलेला असतो आणि तेलाची गळती त्यात जिरून जाते, जमिनीवर थेंब पडतच नाही. सगळं धुऊन, वाळवून, वीस किलोमीटर चालवून पुन्हा पाहा. पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) मागचं सील, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि ड्रेन बोल्ट या तीन जागा आधी बघा. पंपाच्या भोकातून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय.

पेट्यांचा रॅक मागच्या सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) जिथे बोल्टने धरलाय, तिथे टॉर्च तिरपी धरून रंगात केसाएवढी रेघ दिसते का बघा. त्या रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ आलेला असेल तर ती तडाच आहे. वरच्या पेटीत जादा ओझं घालून खड्ड्यांतून गाडी पळवली की सबफ्रेम इथूनच जाते. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून स्टिअरिंगचे थांबे बघा. थांबा चेपलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे. अशा वेळी फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) आणि फ्रेम जाणकाराकडून मोजून घ्या. क्रॅश गार्डवरच्या ओरखड्यांचं मात्र मनावर घेऊ नका. असली गाडी उभ्याउभ्या पडतेच.

आता एअर फिल्टर. जुन्या ॲडव्हेंचर बाईकची खरी कुंडली इथे मिळते, ओडोमीटरवर नाही. फिल्टर बाहेर काढा आणि ज्या बाजूने गाळलेली हवा इंजिनात जाते, ती डब्याची आतली बाजू पांढऱ्या सुती कापडाने पुसा. कापड स्वच्छ निघालं तर उत्तम. पण पिठासारखी बारीक धूळ आली, बोटांत चोळल्यावर कचकचली, तर या इंजिनाने धूळ खाल्ली आहे. ती सिलिंडरची भिंत आणि रिंग घासते. मग इंजिन तेल पिऊ लागतं आणि दम कमी होतो. अशी धूळ दिसली तर काँप्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) तपासून घ्या आणि दर ५०० किलोमीटरला तेलाची पातळी बघून वहीत लिहा. दोष बहुधा फिल्टरच्या कडेत असतो : कड नीट बसलेली नसते, फोम शिवणीत उसवलेला असतो, किंवा मापात न बसणारा नकली फिल्टर टाकलेला असतो. फोमचा फिल्टर असेल तर तो पेट्रोलने धुऊ नका, त्याचा डिंक सुटतो. फिल्टर क्लीनरने धुऊन, पूर्ण वाळवून फिल्टर ऑईल लावा आणि दाबून मुरवा, पिळू नका. कागदी असेल तर सरळ नवा टाका. हवेच्या दाबाने झटकला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडू शकतात. हे सगळं करताना इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबून ठेवा आणि जोडणीआधी आठवणीने काढा.

इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर नवे घाला. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं हवं. या गाड्यांत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या इंधन वाचवणाऱ्या तेलांतल्या गुळगुळीत करणाऱ्या द्रव्यांनी क्लच प्लेटा घसरू लागतात. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ते नेहमीचंच; चकचकीत कपच्या असतील तर तेल भरायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. बोल्टखालचा वायसर नवा टाका आणि मॅन्युअलच्या टॉर्कवर (आवळायच्या ठरलेल्या जोरावर) थांबा. ॲल्युमिनिअममधले आटे गेले तर एवढ्याशा कामाचं मोठं दुखणं होतं. पातळी बघताना गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर कललेली नाही.

कूलंट आणि ब्रेक ऑईल कधी बदललंय याचा पुरावा नसेल तर दोन्ही बदला. दोन वर्षं ही दोघांचीही सर्वसाधारण मुदत आहे. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५वर येते. लांब उतारावर, लादलेल्या गाडीचा मागचा ब्रेक दाबून धरल्यावर हा फरक पायाला कळतो, पेडल एकदम मऊ होतं. डॉट ५.१ चालतं, पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते घालू नका. क्लच हायड्रॉलिक असेल तर डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा, काही गाड्यांत तिथे मिनरल ऑईल लागतं. ब्लीड करताना, म्हणजे नळीतली हवा काढताना, डबीतली पातळी तळाला जाऊ देऊ नका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती घरच्या घरी निघेलच असं नाही. एबीएसच्या दिव्याकडेही लक्ष द्या : चावी फिरवल्यावर तो लागायला हवा आणि गाडी जराशी पुढे गेली की विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर कोणीतरी दोष लपवला असण्याची शक्यता आहे.

टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट, कधी तपासले, हेही विचारा. ‘आवाज नाही म्हणजे टॅपेट छान’ हा समज उलटा आहे. झडप तिच्या बैठकीत हळूहळू आत रुतत जाते, तशी फट कमी होते आणि इंजिन शांत होतं. फट संपली की झडप पुरती बंद होत नाही. एग्झॉस्टची झडप आपली उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर सोडत असते; टेकायलाच मिळालं नाही तर जळते. हे मोजमाप पूर्ण थंड इंजिनावर होतं. बहुतेक अशा इंजिनांत शिम (फट ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलावे लागतात, त्यामुळे हात बसलेला नसेल तर हे काम गॅरेजला द्या. पण मोजलेले आकडे लिहून मागा.

आता तुमचं थरथरणारं हँडल. कारण शोधताना स्वस्तातून महागाकडे जा. आधी तिन्ही पेट्या काढून, टायरमधली हवा मॅन्युअलप्रमाणे भरून त्याच रस्त्यावर चालवा. वरच्या पेटीचं वजन मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं आणि पुढचं चाक हलकं करतं. पेट्या काढल्यावर थरथर थांबली तर उत्तर मिळालं. हात सोडून चाचणी करू नका. सैल पकडीतही ती कळते.

थांबली नाही तर पुढचा टायर बघा. तळव्याने नक्षीवरून आधी पुढे आणि मग मागे हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर ठोकळे पायरीपायरीने झिजलेत. मोठ्या ठोकळ्यांच्या टायरला हे फार लवकर होतं आणि वेग उतरताना हँडल हलवतं. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते : २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे पण टायर सहा-सात वर्षांचा झालाय, असं जुन्या टूरिंग गाड्यांत बरेचदा दिसतं. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. असा टायर या प्रवासाला नेऊ नका.

मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा किंवा जॅक लावून पुढचं चाक अधांतरी करा आणि गाडी धरायला एक माणूस घ्या. फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे ढकला. ‘टक्’ लागलं तर कोनसेट ढिला आहे. नंतर हँडल एका बोटाने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये आल्यावर खाच सापडल्यासारखं अडखळलं, तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. गाडी जास्त वेळ सरळच चालते, धक्के त्याच जागी बसतात, म्हणून खड्डा नेमका मध्ये पडतो. इथे बरेच जण नट आवळून देतात. दोन दिवस बरं वाटतं, मग गाडी सरळ रेषेत डुलत चालते, कारण गोळ्या त्या खड्ड्यात अजून घट्ट बसलेल्या असतात. बेअरिंग वाट्यांसकट बदलणं हाच इलाज. केबल किंवा वायर ताणली गेली तरी हँडल अडखळतं, तेवढं आधी तपासा.

त्यानंतर चाकं. चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून खेळ बघा. चाक काढल्यावर बेअरिंगच्या आतल्या कडीत बोट घालून फिरवा, जराही खरखर नको. तारांवर पान्याने हलकेच टिचक्या मारत जा. ताणलेली तार टणकन वाजते, ढिली भद् करते. चाकाची आउट, म्हणजे फिरताना रिम किती डुलते ते मोजा. वर-खाली आणि बाजूला, दोन्ही दिशांत २ मिलिमीटर ही बहुतेक मॅन्युअलमधली मर्यादा आहे. एखाददुसरी ढिली तार पाव फेऱ्याने आवळा. बऱ्याच ढिल्या असतील तर चाक ट्रू (सरळ) करायला द्या.

चेनचा आवाज ऐकून लगेच ताणू नका. मागच्या स्प्रॉकेटच्या सर्वात मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. मापानेही कळतं : ५२० किंवा ५२५ नंबरच्या चेनची नवेपणी एका पिनेपासून, ती पहिली धरून, एकविसाव्या पिनेपर्यंत म्हणजे वीस कड्यांची लांबी ३१७.५ मिलिमीटर असते. ती चेन ताणून धरून ३२० भरली तर बदलायची वेळ उलटत आलीय. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी ढील मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल म्हणजे काही कड्या आतून गंजून आखडल्यात. करकर बहुधा तिथलीच असते. बदलताना दोन्ही स्प्रॉकेटांसह अख्खा चेन सेट बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकर जाते. मागचं चाक निघालेलंच असेल तेव्हा हबमधले कुश रबर (झटका शोषणारे रबरी ठोकळे) बघा, स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलत असेल तर तेही नवे घ्या.

चेनच्या ताणाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण रस्त्यावरच्या साध्या गाडीची सवय इथे नडते. या गाडीचं मागचं चाक २० सेंटिमीटरच्या आसपास वर-खाली जातं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सर्वात घट्ट होते. साइड स्टँडवर उभ्या गाडीत तुम्ही ‘व्यवस्थित’ ताणलेली चेन मोठ्या खड्ड्यात तारेसारखी खेचली जाते आणि इंजिनाच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते. ते बदलायचं तर बरेचदा इंजिन उघडावं लागतं. म्हणून दोघांना सीटवर बसवा, किंवा पट्ट्याने मागचा भाग खाली ओढा, आणि तीन बिंदू रेषेत आले की चेन मध्यभागी दीड-दोन सेंटिमीटर तरी हलते का पाहा. मग गाडी मोकळी करून तीच ढील मोजा आणि वहीत लिहा. तो तुमच्या गाडीचा आकडा, आणि तो दिसायला ‘लोंबणारा’च असेल. चेन धुवायला रॉकेल चालतं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वापरला की कड्यांतली रबरी सीलं जातात.

याच बैठकीत मागचं लिंकेज आणि स्विंगआर्म खोलून ग्रीस भरा. हे काम सहसा कोणी करत नाही. प्रेशर वॉशरचं पाणी सीलमागे शिरतं, आतल्या सुईच्या बेअरिंगा गंजतात आणि बोल्ट आत चिकटतो. खोलताना बोल्ट हाताने सुटून आला तर नशीब चांगलं. यापुढे वॉशरचा फवारा चाकाच्या हबवर, लिंकेजवर आणि कोनसेटवर थेट मारू नका.

आणि आता लोअरिंग लिंक. ती विकत घ्यायच्या आधी सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने गाडी किती बसते ते मोजा. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर सीटजवळच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत अंतर घ्या. नंतर तुम्ही पूर्ण गिअर घालून बसल्यावर तेच अंतर घ्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण ३० टक्के हवा. प्रवास २१० मिलिमीटर असेल तर ६० ते ६५. आधीचे मालक तीन पेट्या भरून फिरत होते, म्हणजे शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलीय ते) त्या ओझ्यासाठी आवळलेला असू शकतो. तुमचा आकडा ४०च भरला तर प्रीलोड सैल करा. सीट जवळजवळ दोन-अडीच सेंटिमीटर खाली येईल, एकही नवा पार्ट न घालता. सॅग बदलला की चेनची ढील आणि हेडलाइटचा झोत पुन्हा बघा.

तरीही उंच वाटली तर सीटचा फोम पुढे, मांड्यांच्या जागी, अरुंद करून घ्या. पाय न पोचण्याचं कारण बरेचदा उंचीपेक्षा रुंदी असते. लिंक सगळ्यात शेवटी, आणि माझं मत विचाराल तर नकोच. लिंकने फक्त मागची बाजू बसते, हँडलिंग जड होतं. ते सावरायला फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवावे लागतात. साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी इतकी उभी राहते की वाऱ्याने उजवीकडे कलंडू शकते. बॅश प्लेट दगडांच्या जवळ येते, आणि तुम्हाला तर निम्मा रस्ता कच्चा आहे. एक पाय पूर्ण टेकवून दुसरा फुटपेगवर ठेवायची सवय केलीत तर पंधरा दिवसांत भीती जाते.

त्याबरोबर पडलेली गाडी उचलायचीही तालीम करा, मऊ जमिनीवर, रिकाम्या गाडीवर. इंजिन बंद, गिअर टाकलेला. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. सीटच्या कडेला पाठ करून बसा, एका हाताने खालच्या बाजूचं हँडल आणि दुसऱ्याने मागचा रॅक धरा, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर प्रवास तिथेच संपेल.

दिव्यांचं थोडक्यात. नवे घेण्याआधी जुन्यांच्या वायरी शेवटपर्यंत शोधत जा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि मध्ये रिले (जादा करंट सांभाळणारा स्विच) हवा. पिळून टेप गुंडाळलेले जोड दिसले की ते कापून नीट करा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन नऊ अँपिअरच्या आसपास ओढतात, त्यामुळे हॅलोजन असतील तर एलईडी लावणं शहाणपणाचं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर हवी, आणि इंजिन ३,०००-४,००० आरपीएमवर असताना साडेतेरा ते साडेचौदा. आकडा त्याखाली असेल तर स्टेटरचा (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागाचा) प्लग उघडून बघा, तो बरेचदा तपकिरी पडलेला किंवा वितळलेला असतो.

टायर निम्म्या कच्च्यासाठी मध्यम ठोकळ्यांचे घ्या, आणि रिम ट्यूबची आहे की ट्यूबलेस याची खात्री करा. तारांची चाकं दोन्ही प्रकारची असतात. ट्यूब असेल तर जुने टायर उतरवण्याचं काम दुकानात देऊ नका. घरीच, प्रवासात नेणार त्याच लिव्हरने आणि त्याच पंपाने करा. पहिल्या वेळी दोन तास जातील आणि एखादी ट्यूब लिव्हरखाली चिमटून फुटेल. ते घरी झालेलं बरं. कच्च्यावर हवा कमी करा, पण गाडी सामानाने लादलेली असताना २५ पीएसआयच्या खाली जाऊ नका. दगडावर रिम चेपते. डांबरावर परतलात की लगेच पुन्हा भरा.

महिनाभरात हे सगळं झालं की पेट्या प्रवासाएवढ्याच भरून ३००-४०० किलोमीटरची एक फेरी मारा, थोडी कच्च्यातून. परतल्यावर रॅकचे, क्रॅश गार्डचे आणि स्प्रॉकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा आणि प्रत्येकावर रंगाची एक तिरपी रेघ ओढा, बोल्टपासून धातूपर्यंत सलग. वाटेत रोज सकाळी नुसती नजर टाकली तरी रेघ तुटली की कळेल. दोन महिने घरी जे पाने हातात घेतलेत, तेवढेच गुंडाळीत बांधा. त्यात चेनची एक जोडकडी, पुढची-मागची एकेक ट्यूब, क्लचचा जुना पण शाबूत लिव्हर, थोडे एम६ आणि एम८चे बोल्ट आणि दोन फ्यूज टाका. पुढच्या ॲक्सलचा पाना गाडीच्या मूळ टूलकिटमध्ये आहे का, हे आजच बघा. जुन्या गाडीत नेमका तोच हरवलेला असतो.